शांभरिक खरोलिका : दिवा, चित्र आणि कथा

मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं, हें तुम्हीं वाचलें असेल. परंतु त्याच्या चार वर्षें आधीं, इ. स. १८९२ मध्यें, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं पुत्रांच्या साहाय्यानें पुराणकथांतील पात्रें पडद्यावर हालतीं करून दाखविलीं, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. या खेळाचें नांव ‘शांभरिक खरोलिका’. नांव अवघड, पण अर्थ सोपा : जादूचा दिवा.

हा दिवा मूळचा युरोपांतला. हॉलंडचा शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हायगेन्स याच्या १६५९ च्या टिपणांत त्याचा उल्लेख सांपडतो. त्याची रचना अशी : पेटींत ज्योत, ज्योतीपुढें रंगविलेली कांच आणि कांचेपुढें बहिर्गोल भिंग. भिंगामुळें प्रतिमा उलटी पडते, म्हणून कांच खांचेंत उलटी घालावी लागते. पटवर्धनांनीं कांचांवर हातानें चित्रें रंगविलीं, एकाहून अधिक दिवे योजिले आणि एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था पाठोपाठ दाखविल्या. चित्रें त्वरेनें बदलूं लागलीं कीं पात्र हाललें असा भास होई.

तथापि या खेळाचा प्राण दिव्यांत नव्हता. चित्र मुकें असतें; त्यास वाणी देई तो जवळ उभा असलेला निवेदक. सांगणारा आणि ऐकणारे एकाच अंधारांत बसलेले असले, म्हणजे सांगणाऱ्यास श्रोत्यांचा श्वासही ऐकूं येतो. मूल भ्यालें तर तो आवाज मृदु करितो. मूल हंसलें तर क्षणभर थांबतो. यंत्रावरील तयार चित्रपट कोणासाठींही थांबत नाहीं.

हें मर्म आपल्या कोंकणांतील कलावंतांनींही जाणलें आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी गांवीं ठाकर समाजांतील कलावंत कागदावरील चित्रें एकेक पुढें करून कथा गातात. तिला चित्रकथी म्हणतात. त्यांच्याच दुसऱ्या खेळांत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागें दिव्यापुढें नाचवितात व श्रोत्यांस त्यांच्या सांवल्या दिसतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देण्यांत आली.

आतां एक प्रयोग करा. बहिर्गोल भिंग खिडकीसमोर धरून दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर स्पष्ट पाडा. भिंग व कागद यांमधील अंतर मोजा. हें भिंगाचें नाभीय अंतर. सूर्याकडे मात्र भिंगांतून कधींही पाहूं नका. समजा, हें अंतर १० सेंटिमीटर आलें. पारदर्शक कागदावर ३ सेंटिमीटर उंचीचें चित्र काढा. तें भिंगापासून ११ सेंटिमीटरांवर उलटें धरून मागून विजेरीचा प्रकाश सोडा. भिंगापासून ११० सेंटिमीटरांवरील भिंतीवर दहापट मोठें, ३० सेंटिमीटर उंचीचें चित्र उभें राहील. रेघ जाड व रंग पातळ ठेवावा. दाट रंगांतून प्रकाश जात नाहीं. चित्रांचा क्रम लावून एकानें तीं सरकवावीं आणि दुसऱ्यानें कथा सांगावी. कथा वाचून दाखवूं नये. ती तोंडानें सांगावी.

पालकांसही आमची एक विनंति आहे. आजच्या मुलांपुढें चित्रें अगणित येतात, पण तीं सगळीं आयतीं. आजीच्या तोंडची कथा मात्र कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं, आणि ती न सांगतां राहिली तर आजीबरोबरच जाते. रंगविलेली कांच फुटली तर दुसरी रंगवितां येते. विसरलेली कथा पुन्हां कोठून आणावी? म्हणून एखाद्या रात्रीं घरांतील दिवे मालवा, मुलांच्या हातचीं चित्रें भिंतीवर पडूं द्या आणि वडील मंडळींस कथा सांगावयास बसवा. पुढच्या खेपेस तीच कथा मुलास सांगूं द्यावी. ती त्यास सांगतां आली, तरच ती घरांत राहिली असें समजावें.