पिस्तुलाची तक्रार आली की

शस्त्रागाराची किल्ली हाती आली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुझ्या टेबलावर पिस्तूल ठेवील आणि म्हणेल, "साहेब, हे काही धड नाही, बदलून द्या." पोरा, त्या वेळी घाई करू नकोस. "तुलाच चालवता येत नाही" असं सुनावू नकोस आणि लगेच हत्यारं घेऊन बसूही नकोस. आधी नीट ऐकून घे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची प्रत्येक तक्रार तीनपैकी एका खात्यात जाते. काही तक्रारी सवयीनं सुटतात, काही भाग बदलून सुटतात आणि काही अशा असतात की ते पिस्तूल त्याच दिवशी वापरातून काढायचं. कुठली तक्रार कुठल्या खात्यातली, हे ओळखणं हीच आपली विद्या.

आधी हात बघ, मग पिस्तूल बघ

'पिस्तूल चावतं' ही सगळ्यात जुनी तक्रार. तक्रार करणाऱ्याचा हात उघडून बघ. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दोन समांतर ओरखडे असतील, तर ती मागे येणाऱ्या स्लाइडच्या खालच्या कडांची खूण. वॉल्थर पीपीके जातीच्या छोट्या पिस्तुलांत हे हमखास दिसतं. एकाच जागी चिमटा बसून रक्त साकळलं असेल, तर तो हॅमरचा चावा. ब्राउनिंग हाय-पॉवर त्यासाठी प्रसिद्ध आहे.

हा दोष हाय-पॉवरचा आराखडा सुरू करणाऱ्या जॉन ब्राउनिंगच्या त्याआधीच्या पिस्तुलातही होता. अमेरिकी सैन्यानं 1911 साली त्याचं .45 पिस्तूल स्वीकारलं. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर तक्रारी आल्या: हॅमर चावतो, ट्रिगरपर्यंत बोट पोचत नाही, नेम खाली जातो. 1926च्या सुधारित नमुन्यात मागची शेपटी लांब झाली, ट्रिगर आखूड झाला, ट्रिगरमागची फ्रेम दोन्ही बाजूंनी खोलगट झाली आणि मुठीच्या मागच्या बाजूला फुगवटा आला. हॅमर चावतो म्हणून तो कानशीनं घासायचा नाही. पकड केसभर खाली घ्यायला सांग. तेवढ्यानं भागलं नाही, तर कंपनीचा वेगळ्या आकाराचा हॅमर मागव. पकड खाली गेली की नळी जास्त उसळते, हेही त्याला सांग. फुकट काही मिळत नाही.

ट्रिगर जड का, हे विचारल्याशिवाय हात लावू नकोस

आपल्याकडे इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं 9 एमएमचं 'वन-ए' पिस्तूल सैन्यात आणि पोलिसांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. ते हाय-पॉवरचंच रूप, कॅनडाच्या इंग्लिस कंपनीच्या नमुन्यावर घडवलेलं. त्याची कायमची तक्रार म्हणजे ट्रिगर खरखरतो आणि मॅगझिन आपोआप खाली पडत नाही, ओढून काढावं लागतं.

दोन्हींचं मूळ एकच. मॅगझिन हातात घे आणि त्याची पुढची भिंत उजेडात धर. वापरलेल्या मॅगझिनवर वरच्या भागात एक उभी, चकाकणारी घासलेली पट्टी दिसेल. ट्रिगरला जोडलेली एक बारीक दट्ट्यासारखी खिट्टी स्प्रिंगच्या जोरानं तिथे टेकते. मॅगझिन आत असेल तरच ट्रिगर चालावा, म्हणून ती बसवलेली. ट्रिगर ओढताना ती भिंतीवर घासते, तीच खरखर बोटाला लागते. मॅगझिन काढताना ती पकडून धरते, म्हणून ते पडत नाही. हाय-पॉवरचं काम अर्धवट असतानाच ब्राउनिंग 1926 साली वारला. पुढे द्यूदोने सेव्ह या बेल्जियन आरेखकानं ते पुरं केलं आणि 1935 साली पिस्तूल बाजारात आलं. मॅगझिनशिवाय गोळी सुटू नये, ही अट मुळात फ्रेंच सैन्याची होती.

म्हणजे ज्याला जवान दोष म्हणतो, ती कुणाची तरी मागणी होती. खिट्टी काढून टाकली की ट्रिगर गुळगुळीत होतो, हे तुला कुणीही सांगेल. तू ती काढायची नाहीस. त्या पिस्तुलावर शिकलेला माणूस ती आहे असं धरून वागतो. मॅगझिनची ती भिंत स्वच्छ ठेव, गंज येऊ देऊ नकोस, पोचा आलेलं मॅगझिन बदल. एवढ्यानं बरीच खरखर कमी होते.

पहिली गोळी आणि दुसरी गोळी

बेरेटा 92 घेणारा म्हणेल, पहिली गोळी खाली जाते, पुढच्या बरोबर लागतात. त्याचं म्हणणं खरं आहे. हॅमर खाली असताना पहिला ट्रिगर लांब आणि जड असतो, कारण बोटच हॅमर मागे ओढतं. पहिली गोळी सुटली की स्लाइड हॅमर चढवून ठेवते आणि दुसरा ट्रिगर आखूड, हलका होतो. ही तक्रार सवयीच्या खात्यातली. मैदानावर त्याला पहिली गोळीच पुन्हा पुन्हा मारायला लाव. प्रत्येक गोळीनंतर हॅमर सुरक्षित उतरवायचा आणि पुन्हा जड ट्रिगरनं सुरुवात करायची.

दुसरी तक्रार सेफ्टीची. या पिस्तुलाची सेफ्टी स्लाइडवर आहे. घाईत स्लाइड मागे ओढताना तळव्याचा धक्का लागून ती खाली येते आणि ऐन वेळी ट्रिगर मोकळाच फिरतो. म्हणून स्लाइड ओढल्यावर अंगठ्यानं सेफ्टी वर ढकलून खात्री करणं ही कवायतीतली पायरी कर. सीझेड 75ची गोष्ट उलटी. त्याच्या मूळ नमुन्यात हॅमर उतरवायची कळच नाही. भरल्या पिस्तुलाचा हॅमर अंगठ्यानं धरून हळू उतरवावा लागतो, आणि त्यात अंगठा सटकला तर गोळी सुटते. हे काम करताना नळी वाळूच्या पोत्याकडेच असली पाहिजे.

खोलायचा क्रम कधी उलटू नकोस

गॅस्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन माणसाचं पिस्तूल तिथल्या सैन्यानं 1982च्या सुमारास घेतलं. फ्रेम प्लॅस्टिकची, मॅगझिनमध्ये 17 गोळ्या, हातानं लावायची सेफ्टी नाही. जगभरच्या पोलिसांनी ते उचललं आणि दोन तक्रारी त्याच्या मागे लागल्या. एक, सेफ्टीची कळ नाही. दोन, साफसफाईसाठी खोलायचं तर आधी ट्रिगर ओढावा लागतो.

दुसरी तक्रार तुझ्या-माझ्या कामाची. ट्रिगर ओढल्याशिवाय स्लाइड उतरत नाही, म्हणजे नळीत गोळी राहिली असेल तर ती सुटणारच. म्हणून क्रम पाठ कर: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग डोळ्यानं बघणं, मग बोट घालून चाचपणं, मग नळी सुरक्षित दिशेला, आणि त्यानंतरच ट्रिगर. पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल सगळ्यात घातक. आधी स्लाइड ओढलीस आणि मागून मॅगझिन काढलंस, तर ओढलेली स्लाइड पुढे जाताना नवी गोळी नळीत भरून मोकळी होते. एक गोळी बाहेर पडलेली दिसते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. दिवसा, रात्री, दमलेला असताना, साहेब घाई करत असताना, क्रम तोच.

सेफ्टी नाही या तक्रारीचं उत्तर होल्स्टरमध्ये आहे. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर नसेल तर असं पिस्तूल देऊच नकोस. कमरेच्या पट्ट्यात नुसतं खोचून फिरणाऱ्याला तर नाहीच नाही.

अडकतंय? मॅगझिनला नंबर घाल

'जॅम होतं' असं सांगितलं की अर्ध्या वेळा पिस्तूल निर्दोष असतं. प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगानं नंबर घाल आणि कोणत्या नंबराला अडकलं ते लिहून ठेव. अडचण एकाच नंबरामागे फिरत असेल, तर ओठ वाकलेत किंवा स्प्रिंग मेली आहे. इराकच्या वाळवंटात अमेरिकी सैन्याच्या बेरेटांबद्दल ओरड झाली, तेव्हाही मूळ सापडलं ते पुरवठादाराच्या मॅगझिनमध्ये. आतला लेप खरबरीत होता आणि त्यात बारीक वाळू धरून बसत होती.

मॅगझिन बदलूनही पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल, तर नेमबाजाचं मनगट बघ. हलक्या फ्रेमच्या पिस्तुलाला मागे जायला हाताचा आधार लागतो. मनगट ढिलं पडलं की सगळं पिस्तूलच मागे सरकतं आणि स्लाइडची फेरी अपुरी राहते.

परवानाधारकांची तक्रार वेगळी असते. आपल्याकडे 9 एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे बहुधा .32 असतं. "एवढंसं पिस्तूल आणि स्लाइड इतकी कडक का?" असं ते विचारतात. यातल्या बऱ्याच पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारी कुलूपव्यवस्था नसते. गोळी नळीबाहेर जाईपर्यंत स्लाइडला थोपवून धरायचं काम तिच्या वजनावर आणि स्प्रिंगवर असतं, म्हणून स्प्रिंग ताठ. ती कापून मऊ करणारे कारागीर भेटतील. त्यांना लांब ठेव. शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि कापलेल्या स्प्रिंगचं पिस्तूल आपल्याच फ्रेमवर आदळून लवकर फाटतं.

लहान हाताला बोल लावू नकोस

दलात मुली मोठ्या संख्येनं आल्या आणि मूठ जाड आहे ही तक्रार वाढली. ती खरी आहे. दुहेरी रांगेचं मॅगझिन मुठीत बसवलं की मूठ रुंद होणारच. ट्रिगरवर बोटाचं टोक पोचत नसेल, तर मुलगी मूठ वळवून पकडते आणि गोळी बाजूला जाते. नेमबाजीच्या खेळात हा प्रश्न मुळातच मिटवलेला आहे. तिथे लाकडी मूठ खेळाडूच्या पंजाप्रमाणे कोरून घेतात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 सालच्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. त्या प्रकारातलं पिस्तूल नीट बघ, मूठ हाताला कशी बिलगते ते कळेल. सरकारी पिस्तुलाला तेवढा लाड करता येत नाही, पण 2010पासूनच्या ग्लॉकला मुठीच्या मागची पट्टी बदलता येते. त्या पट्ट्या डब्यात पडून असतात. बाहेर काढ आणि प्रत्येकीला लावून बघायला दे. मॅगझिनची कळ उलट्या बाजूला लावता येत असेल, तर डावखुऱ्यांना तीही फिरवून दे.

जिथे तडजोड नाही

आता तिसरं खातं. पिस्तूल हातातून पडलं आणि गोळी सुटली, स्लाइडला तडा दिसला, सेफ्टी लावलेली असताना हॅमर पडला, किंवा एका ट्रिगरला दोन गोळ्या गेल्या, तर पुढची चर्चा करायची नाही. पिस्तूल खाली कर, चिठ्ठी बांध, कुलपात ठेव. कुणाचाही फोन आला तरी ते परत द्यायचं नाही.

हे नामांकित पिस्तुलांच्या बाबतीतही घडलं आहे. 1980च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी सैन्यात काही बेरेटांच्या स्लाइड तुटून मागचा तुकडा नेमबाजाच्या तोंडावर आला. पुढे हॅमरच्या पिनेचं डोकं मोठं करून तो तुकडा मागे उडणार नाही अशी सोय केली गेली. सिग पी320 अमेरिकी सैन्यानं जानेवारी 2017मध्ये निवडलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठरावीक कोनात पडलं तर ते सुटू शकतं हे उघड झालं. कंपनीनं हलका ट्रिगर आणि आतले भाग बदलून देण्याची योजना काढली. मोठं नाव बघून तपासणी ढिली करायची नाही.

तक्रार वहीत उतरव

पिस्तुलाचा क्रमांक, मॅगझिनचा नंबर, दारूगोळ्याचा लॉट, कितव्या गोळीला काय झालं आणि हातात कोण होतं, एवढं प्रत्येक वेळी लिही. तोंडी तक्रार चहाबरोबर विरून जाते. सारखी नोंद अनेक ठिकाणांहून आली की वर बसलेल्यांना उत्तर द्यावं लागतं. लांबलेली शेपटी, मोठ्या डोक्याची पिन, ग्लॉकच्या मुठीवरून 2017 साली गेलेल्या बोटांच्या खाचा, यातलं प्रत्येक कुणीतरी कुरकुर केली आणि कुणीतरी ती कागदावर घेतली म्हणून झालं. म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या पोराला किंवा पोरीला "सगळ्यांचं चालतंय, तुझंच कसं नाही?" असं कधी विचारू नकोस. त्याला बसव, पिस्तूल खाली करून घे आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लाव.