जुन्या जीपचा अधूनमधून मऊ पडणारा ब्रेक : दोषाची पारख व उपाय

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून खानदेशात जाताना कन्नडजवळचा औट्रम घाट किंवा अजिंठ्याहून फर्दापूरकडे जाणारा घाट उतरावा लागतो. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून जीप ग्रामीण भागात परिचित झाली. माल व माणसे वाहणाऱ्या जुन्या जीपगाड्या आजही काही गावांतून वापरात आहेत. अशा गाडीचा ब्रेक पूर्णपणे निकामी झाला, तर मालक ती बाहेर काढीत नाही. परंतु सकाळी घट्ट, दुपारी स्पंजासारखा मऊ आणि सायंकाळी पुन्हा घट्ट लागणारा ब्रेक अधिक घातक होय. गॅरेजात दोष दिसत नाही, गाडी तशीच परत येते आणि घाटात पाय फळीला टेकतो.

ब्रेकचे कार्य

पेडल दाबले असता मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो. हा दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि ब्रेक-शू ड्रमवर दाबले जातात. द्रव पदार्थ दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून पेडल घट्ट लागते. हवा व वाफ मात्र सहज आकसतात. त्यांचा थोडासा अंश नळीत शिरला, तरी पायाचा जोर त्यांना दाबण्यातच खर्ची पडतो. पुष्कळशा जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच ऑइलमार्ग असतो. त्यामुळे एका ठिकाणचा दोष चारही चाकांना भोवतो.

लक्षणांवरून निदान

दुपारी माना टाकणारे व सायंकाळी टवटवीत होणारे रोप पाहून शेतकरी मुळाशी शोध घेतो. रोपाने कोणत्या वेळी मान टाकली, हेच त्याला दोषाकडे नेते. ब्रेकच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. पेडल केव्हा मऊ पडले, गाडीत किती भार होता, रस्ता उताराचा होता की सपाट, या गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात व मिस्त्रीला दाखवाव्यात.

१. *लांब उतारानंतर मऊ, थंड झाल्यावर घट्ट :* ऑइलमध्ये पाणी मुरले असण्याचा संभव असतो. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. सतत दाबलेल्या ब्रेकच्या उष्णतेने असे ऑइल उकळून त्याची वाफ होते. मात्र पेडल घट्ट राहूनही गाडी थांबत नसेल, तर तापलेल्या लायनरची पकड सुटली आहे असे समजावे.

२. *दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट :* पेडल प्रथम लवचिक लागून नंतर वर येत असेल, तर नळीत हवा असावी. लवचिकपणा नसून ते केवळ खोल जात असेल, तर ब्रेक-शू व ड्रम यांतील अंतर वाढले असावे.

३. *हळू दाबल्यास खाली जाणारे :* गाडी सपाट जागी उभी करावी व चाकांखाली दगड लावावेत. पेडल अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकत असून बाहेर कोठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजला असावा. झटकन दाबल्यास हाच ब्रेक चांगला लागतो, म्हणून हा दोष पुष्कळदा नजरेतून सुटतो.

४. *जोराने दाबल्यावरच मऊ :* एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने चाकांजवळील रबरी नळ्या पाहाव्यात. फुगणारी किंवा चिरलेली नळी त्वरित बदलावी.

उपाय

ड्रम उघडून चाकाचे सिलिंडर ओले आहे का, हे प्रथम पाहावे. गळती असताना केवळ ऑइल भरीत राहणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडण्यासारखे होय. दोष दूर केल्यावर जुने ऑइल पूर्ण काढून, सीलबंद डब्यातील योग्य प्रतीचे नवे ऑइल भरावे. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून जवळच्या चाकाकडे यावे. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. पेडल दाबलेले असताना निपल सैल करावे व पाय उचलण्यापूर्वी ते आवळावे. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया करावी. या वेळी मास्टर सिलिंडरची टाकी रिकामी होऊ देऊ नये, अन्यथा पुन्हा हवा शिरते. काढलेले ऑइल परत वापरू नये. इंजिन ऑइल तर कदापि घालू नये, कारण त्याने रबरी भाग फुगून संपूर्ण ब्रेक निकामी होतो.

घाटात घ्यावयाची काळजी

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, इंजिन बंद करू नये व गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. पेडल मऊ लागल्यास ते वरचेवर दाबावे, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, कारण तो तडकण्याची भीती असते. ब्रेक थंड झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागले, तरी दोष गेला असे मानू नये.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे हितावह आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती गावातील वाहनधारकांना समजावून द्यावी. पेडल एकदा जरी मऊ पडले, तरी कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत माल भरू नये व माणसे बसवू नयेत.