जुहूतली लाजरी पाणकोंबडी

लाजरी पाणकोंबडी जुहूसारख्या गजबजाटातही राहते. तिच्या मागे लागून जे शिकले, ते असं.

१. आधी कान लावा. एरवी ती जवळजवळ मुकी असते. पावसाळा लागला की झाडोऱ्यातून ‘क्वाक्-क्वाक्’ सुरू होतं आणि कधी कधी रात्रभर थांबत नाही.

२. पाण्यापेक्षा चिखलाकडे बघा. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती झुडपातून बाहेर पडते. पाठ काळसर राखाडी, चेहऱ्यापासून पोटापर्यंत शुभ्र. आखूड शेपटी सारखी वर उडते आणि खालचा तांबूस रंग दिसतो. किडे, गोगलगायी, गांडुळं, बिया, मिळेल ते टिपते. चाहूल लागली की सहसा उडत नाही, पळते. बोटं इतकी लांब की चिखलात पाय रुतत नाही.

३. नर कोण, मादी कोण, या फंदात पडू नका. दोघं सारखीच दिसतात.

४. घरटं शोधायला जाऊ नका. विणीचा काळ साधारण जून ते ऑक्टोबर. दाट झुडपात काटक्या-वेलींचं उथळ घरटं, सहा-सात अंडी, उबवायला दोघंही. पिल्लं काळीभोर, लोकरीच्या गुंड्यासारखी. आपण फांद्या बाजूला सारल्या की कावळ्याला वाट मोकळी होते. मी रस्त्यावरूनच बघते.

५. तिचा जीव काठावर अवलंबून आहे. जुहू हे एकेकाळी साष्टीच्या पश्चिमेचं वेगळं बेट होतं, मध्ये भरतीच्या पाण्याचा चिंचोळा पट्टा. भराव पडत गेले, आता ओल उरली ती इर्ल्यासारख्या नाल्यांपाशी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी वाहून जायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण नाल्याला उभी काँक्रीटची भिंत घातली की तिथे झुडूप रुजत नाही आणि पिल्लाला वर चढता येत नाही. वास्तुविशारद पी. के. दास आणि इथल्या नागरिकांनी इर्ला नाल्याचे काठ माणसांसाठी खुले करायचं काम हाती घेतलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्याच काठावर थोडं न कापलेलं रानही हवं. तिवरांना उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाचं संरक्षण मिळालं; नाल्याकाठची साधी झुडपं त्यात येत नाहीत.

६. पावसाळ्याआधी नालेसफाई सुरू होते, तेव्हाच महापालिकेच्या विभाग कार्यालयात सोसायटीचं पत्र द्या: गाळ जरूर काढा, काठावरची झुडपं मात्र ऑक्टोबर संपेपर्यंत तोडू नका.