पाणी आटलं तरी…



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५.

"रोज जप करतो, पण आत काहीच होत नाही. सगळं कोरडं वाटतं." तुमच्यापैकी कितीतरी जणांची ही तक्रार असते. आज त्यावरच थोडा विचार करू.

मे महिन्यात भिगवणजवळ उजनीचं पाणी खूप मागे सरकतं. उरतो तो भेगाळलेला गाळ. हिवाळ्यातले चक्रवाक केव्हाच हिमालयाकडे परतलेले असतात. संध्याकाळी दुर्बीण घेऊन गेलं की वाटतं, आता इथे काय बघायचं?

तेवढ्यात एक टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. समजायचं, जवळच तिची अंडी आहेत. घरटं कसलं, उघड्या जमिनीवरचा नुसता खळगा! त्यात बहुतेक वेळा चार अंडी, अगदी मातीच्या रंगाची. आपण आल्या वाटेनं मागे फिरायचं आणि लांबून बघायचं.

ऊन उतरायच्या आधी पोचलात, तर एक गोष्ट दिसू शकते. टिटवी उरलेल्या पाण्यापाशी जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. तेवढ्या ओलाव्यानं अंडी तापण्यापासून वाचतात. नर-मादी आळीपाळीनं अंडी उबवतात, साधारण महिनाभर.

आता गीतेकडे या. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, असं अर्जुन म्हणतो. भगवंत त्याला रागावत नाहीत. कठीण आहे हे मान्य करतात आणि दोन उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. धरण भरणं हे टिटवीचं काम नाही. पोटाला लागेल एवढं पाणी आणणं, एवढंच तिच्या हातात आहे. आणि वैराग्य? आत पिल्लू वाढतंय का, हे बघायला ती अंडं फोडत नाही. तिला वैराग्य कळतं असं मी म्हणत नाही, पण आपण मात्र रोज जप संपला की "काही अनुभव आला का?" म्हणून अंडं फोडून बघतो.

कोरडे दिवस रिकामे नसतात. म्हणूनच आटलेल्या गाळावर गाडी घालायची नसते, आणि कोरड्या मनावर "माझ्यात भक्तीच नाही" असा शिक्का मारायचा नसतो. दोन्हीकडे काहीतरी उबतंय.

आजची साधना : एकच माळ. झाली की उठा. काय मिळालं, ते आज तपासू नका.