वुजू, पाय आणि मधुमेह

मधुमेहाचे निदान झाले की आपल्या घरांत चर्चा होते ती साखरेची, भाताची आणि ईदच्या शीरखुर्म्याची. पायांचे नाव कोणी काढत नाही. वास्तविक या आजारात पाय गमावण्याची वेळ येते, तेव्हा तिची सुरुवात बहुधा एका दुर्लक्षित फोडापासून झालेली असते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांचे मज्जातंतू क्षीण होतात. आरंभी मुंग्या येतात, तळवे जळजळतात. पुढे संवेदनाच मावळते. जळजळ थांबली म्हणून रुग्ण समाधान मानतो, पण खरा धोका तेथूनच सुरू होतो. वेदना ही अल्लाहने शरीरावर ठेवलेली पहारेकरी आहे. ती गेल्यावर चपलेतील खडा दिवसभर टोचला तरी कळत नाही. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका अधिक.

आता आपल्या वुजूकडे पाहा. आपण पाय घोट्यांपर्यंत धुतो, बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवून खिलाल करतो. पायाला जे जाणवत नाही, ते हाताला जाणवते. दिवसातील निदान एका वुजूच्या वेळी, भरपूर उजेडात, दोन्ही तळवे उलटून पाहावेत: फोड, भेग, लाली, सूज, बदललेला रंग. नजर अधू असेल तर मुलाला किंवा सुनेला पाहायला सांगावे. यात संकोच कसला?

मात्र वुजूनंतर बेचके ओले राहिले तर चिखल्या होतात आणि त्वचा फाटते. म्हणून कोरड्या फडक्याने बोटांमधील जागा टिपून घ्यावी. हिवाळ्यात फज्रच्या वेळी गरम पाणी घेताना त्याची उष्णता पायाने जोखू नये, कोपराने जोखावी. एप्रिल-मे महिन्यांत जुम्याला मशिदीच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. बधिर तळवा भाजतो आणि फोड घरी आल्यावर दिसतो. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी नवी पादत्राणे काही आठवडे आधी घरी वापरून पाहावीत.

चामडी मोज्यांवर मसह करण्याची मुक्कामी व्यक्तीला एक दिवस-एक रात्र सवलत आहे. ती सक्ती नव्हे. ज्याचे पाय बधिर आहेत त्याने मोजे रोज काढून पाय पाहावेतच.

भोवरी घरी ब्लेडने कापू नये. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना आणि नाडी तपासून घ्यावी. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणीही ठरल्या वेळी करावी.

जखम झालीच आणि डॉक्टरांनी पाणी लावू नका असे सांगितले, तर काही बुजुर्ग ‘वुजू अपुरा राहील’ म्हणून पट्टी सोडून पाय धुतात. दीनने हे मागितलेलेच नाही. सूरह माइदाच्या ६ व्या आयतीत तयम्मुमची सवलत देताना आजारी माणसाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि पट्टीवर ओला हात फिरवण्याची मुभा फिकहच्या ग्रंथांत आहे. आपल्या बाबतीत यांपैकी काय लागू होते, ते आलिमांना विचारावे. पट्टी केव्हा सोडायची, हे डॉक्टरांना.