विमानाची वाट किती लांब?

सारस पक्षी तलावावरून उडतो आणि पलीकडच्या बांधीत उतरतो. त्याला ना पांदण लागते, ना पूल. आपण मात्र बांधाबांधाने वळसा घेत जातो. विमानाची वाट सारसासारखी, रेल्वेची आपल्यासारखी.

गोंदियाहून मुंबई पहा. रेल्वे नागपूर, वर्धा, भुसावळ अशी वळत जाते. तिला सुमारे 970 किलोमीटर पडतात. सरळ रेघ ओढली तर 820 च भरतात.

आपल्या जिल्ह्यात बिरसी गावाजवळ विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने तो बांधला. पण तिथून प्रवासी विमान सुटायला 2022 साल उजाडावे लागले! त्या मार्चमध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद विमान सुरू झाले, आणि काही महिन्यांत बंदही पडले. मग 1 डिसेंबर 2023 ला हैदराबादवरून तिरुपतीला जाणारे विमान सुरू झाले.

आता अंतर मोजू. आम्ही 1 सेंटिमीटरला 100 किलोमीटर असा नकाशा घेतला आणि त्यावर दोरा ताणला. गोंदिया ते हैदराबाद सव्वापाच सेंटिमीटरला थोडा कमी भरला, म्हणजे सुमारे 515 किलोमीटर. हैदराबाद ते तिरुपती सुमारे 415. दोन्ही मिळून 930 झाले. पण गोंदियाहून तिरुपतीला सरळ दोरा लावला तर 880 च! वाटेत उतरायचे म्हणून 50 किलोमीटर वाढले.

दोरा नसला तरी चालते. तिरुपती आपल्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, आठ अंश खाली आहे. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. आठ गुणिले 111, झाले 888. जवळपास तेवढेच की नाही?

हे मोजायचे कशाला? तिकिटासाठी. केंद्र सरकारने 2016 साली उडान योजना काढली. तिच्यात विमानातल्या काही जागांचे भाडे अंतराला बांधले होते. सुरुवातीला सुमारे 500 किलोमीटरला 2500 रुपयांची मर्यादा होती. बाकीच्या जागांचे भाडे मागणीप्रमाणे चढते. धान विकून आणलेला पैसा देताना आधी विचारावे: विमान सरळ जाते की वळसा घेते? मध्ये किती वेळ थांबते?

वेळेचेही तसेच. हैदराबादला दवाखान्यात रोगी न्यायचा असला तर उडण्याचा तास-सव्वा तासच धरू नका. दोन तास आधी बिरसीला पोचायचे आणि तिकडे विमानतळावरून शहरातही जायचे. ते रस्त्याचे अंतर, तिथे दोरा सरळ धरून चालत नाही.

आता नागपूरचे अंतर तुम्ही मोजा.