कोंबडी अंडी का देईनाशी होते?



गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने वर्गात प्रश्न केला, "गुरुजी, आमच्या तांबड्या कोंबडीने दोन आठवड्यांत एकही अंडे दिले नाही. आजी म्हणते, तिला नजर लागली. आता येत्या रविवारी कापून टाकू. काय करावे?" प्रश्न लहान दिसतो, परंतु तो लहान नाही. मुकुटबनच्या आसपासच्या खेड्यांत कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, व तोही पावसाच्या मर्जीने. अंड्यांचे चार पैसे मात्र आठवड्याच्या बाजाराला मिळतात आणि ते बहुधा आईच्या हाती पडतात. त्यांतून मीठमिरची येते, वह्या येतात. म्हणून कोंबडीच्या आजाराचा विचार करणे हे विद्यार्थ्यालाही कमीपणाचे नाही.

"नजर लागली", "मरी आली" असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा खरा अर्थ इतकाच की, कारण आपणांस सापडलेले नाही. ते शोधावे कसे, याचा धडा एका डच डॉक्टरांच्या अनुभवातून घेण्यासारखा आहे. सुमारे १८८९ साली जावा बेटावरील बटाव्हिया येथे डॉ. ख्रिस्तियान आइकमन यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. रोगजंतू शोधले, परंतु सापडले नाहीत. काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या! चौकशीअंती असे कळले की, मध्यंतरी त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने तो देण्याचे नाकारले आणि कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासह असलेला तांदूळ मिळू लागला. कोंड्यातील ज्या द्रव्याच्या अभावी ते पाय लुळे पडले, त्यास आज आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तात्पर्य, पहिला प्रश्न हा विचारावा: कोंबडी आजारी पडण्यापूर्वी काय बदलले?

आता अंडी बंद होण्याची कारणे क्रमाने पाहू.

१. ऋतू व वय. कोंबडीचे अंडी देणे दिवसाच्या प्रकाशावर अवलंबून असते. आपल्याकडे पौषाच्या सुमारास दिवस अवघा ११ तासांचा असतो, ज्येष्ठात तो सुमारे सव्वातेरा तासांचा होतो. दिवस लहान झाले म्हणजे अंडी कमी होतात. जुनी पिसे झडून नवी येत असतानाही अंडी थांबतात, कारण शरीराचे सर्व पोषण पिसांकडे जाते. खुडूक कोंबडीही अंडे देत नाही. हे आजार नव्हेत. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण ६० ते ८० अंडी देते. तिच्याकडून रोज अंड्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होय.

२. चुना. एक अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात व त्यांपैकी सुमारे २० तास कवच चढण्यात जातात. मुकुटबनच्या भूमीतील ज्या चुनखडीपासून सिमेंट बनते, तिचे आणि अंड्याच्या कवचाचे मुख्य द्रव्य एकच आहे. खाण्यात ते कमी पडले, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून ते काढून देते. मग कवच पातळ होते, पाय अशक्त होतात, क्वचित अंडे पोटात अडकते. शिंपल्यांचा चुरा अथवा धुऊन, वाळवून, बारीक कुटलेली अंड्याची कवचे वेगळ्या भांड्यात ठेवावी. वैशाखाच्या उन्हात कोंबडी धापा टाकते व कमी खाते, तेव्हाही कवच पातळ पडते. सावली व थंड पाणी हाच त्यावर उपाय.

३. रात्रीचे चोर. गोचीड दिवसा खुराड्याच्या फटीत दडते आणि रात्री रक्त पिते. दिवसा पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. रात्री दिवा घेऊन खुराडे पाहावे. तुरा फिकट पडला असेल, तर ही शंका आधी घ्यावी. फटी लिंपून चुन्याची सफेदी द्यावी व धुळीत अंग घोळण्यास राखमिश्रित कोरडी माती ठेवावी.

४. साथीचे रोग. हिरवट हगवण, घशाची घरघर, वाकडी झालेली मान, लुळे पंख आणि एकामागून एक मरण ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लक्षणे होत. कुमाऊंतील राणीखेत येथे १९२७-२८ च्या सुमारास हा रोग ओळखला गेला, म्हणून त्यास हे नाव पडले. रोग जडल्यावर त्यावर औषध नाही. परंतु लस आहे. पिल्ले पहिल्या आठवड्यात असताना लासोटा लशीचा थेंब डोळ्यात वा नाकात, व पुढे सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस टोचून, अशी पद्धत आहे. लस बर्फात ठेवावी लागते; म्हणून शेजारच्या घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, हे उत्तम.

येथे पालकांस एक नम्र विनंती आहे. कोंबड्या मरू लागल्या म्हणजे उरलेल्या लगबगीने बाजारात विकण्याची चाल आहे. आपले चार पैसे वाचतात खरे, परंतु रोग दुसऱ्या आईच्या परसात जातो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला व तेथे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अचानक पुष्कळ पक्षी मेले, तर त्यांस उघड्या हाताने शिवू नये, विकू नये, खाऊ नये. ताबडतोब दवाखान्यास कळवावे. विकत आणलेली कोंबडीही दोन-तीन आठवडे निराळी ठेवावी.

त्या विद्यार्थिनीस मी एवढेच सांगितले की, आठ दिवस वही ठेव: कोंबडी काय खाते, कोठे जाते, तुरा कसा आहे, विष्ठा कशी आहे. तिने आजीकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पाचव्या दिवशी तिच्या वहीत नोंद झाली: "खाते, पिते, तुरा लाल. सकाळी पऱ्हाटीच्या ढिगामागे गेली." ढीग बाजूस सारला, तो आत नऊ अंडी निघाली!

कोंबडी वाचली, आणि आजीनेच ती नऊ अंडी मोजून टोपलीत ठेवली. ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले व पाहिलेले लिहून ठेवले, त्यास निम्मे निदान साधले, असे समजण्यास हरकत नाही.